विश्लेषण : ‘फोक्सवॅगन’ चालवायला आवडते, बाळगायला जड का जाते? सुट्या भागांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत कसा गेला?

मुंबईत २०१० साली रस्त्यावर आलेल्या पहिल्या ‘पोलो’ गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपली आहे. अंधेरी, बोरिवली आणि वडाळा आरटीओकडे नोंद असलेल्या या गाड्यांच्या मालकांपुढे आता तीनच पर्याय आहेत. नोंदणीचे नूतनीकरण करायचे, गाडी विकायची किंवा मोडीत काढायची. त्याच वेळी या गाड्या बनवणाऱ्या जर्मन उद्योगसमूहाचा सीमाशुल्क विभागाशी सुमारे १२ हजार कोटी रुपयांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. वरवर या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाही. मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. गाडीचा सुटा भाग येतो कुठून, तो किती किमतीला मिळतो आणि त्यावर हुकमत कोणाची?

‘लोकांची गाडी’ कशी जन्मली?

फोक्सवॅगन या जर्मन शब्दाचा अर्थच ‘लोकांची गाडी’ असा आहे. नाझी राजवटीतील सरकारी कामगार संघटनेने २८ मे १९३७ रोजी ही कंपनी स्थापन केली. गाडीचा आराखडा फर्डिनंड पोर्शे यांचा होता. किंमत ठरली ९९० मार्क. सामान्य कामगारांनी दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट घेऊन वहीत चिकटवायचे आणि वही भरली की गाडी मिळणार, अशी योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजार जणांनी पैसे भरले, पण त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळला. तेथे वेठबिगार मजुरांकडून काम करून घेण्यात आले.

युद्धानंतर कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने तो पुन्हा सुरू केला आणि १९४५च्या अखेरीस ‘बीटल’चे उत्पादन मार्गी लागले. पुढे ही गाडी जगभर पोहोचली. मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची मूळ बीटल बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तिकिटे चिकटवणाऱ्या जुन्या ग्राहकांनी मात्र अनेक वर्षे न्यायालयात लढा दिला. अखेर १९६१ मध्ये तडजोड झाली. नवी गाडी घेणाऱ्यांना कमाल ६०० मार्कांची सवलत आणि गाडी नको असलेल्यांना १०० मार्क रोख, एवढेच त्यांच्या पदरात पडले. आपल्या हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावणारा ग्राहक हा या ब्रँडच्या इतिहासाचा पहिल्यापासूनचा भाग आहे.

महाराष्ट्रात आगमन कसे झाले?

समूहातील ‘स्कोडा’ ही झेक कंपनी आधी आली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा येथे २००१ पासून ‘ऑक्टाव्हिया’ची जुळणी सुरू झाली. फोक्सवॅगनच्या मोठ्या कारखान्यासाठी प्रथम आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणमचे नाव पुढे होते. परंतु २००५ मध्ये तेथील सरकारने एका मध्यस्थ कंपनीला दिलेल्या सुमारे ११ कोटी रुपयांवरून वादंग झाले आणि तो प्रकल्प बारगळला. नोव्हेंबर २००६ मध्ये महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार झाला. पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. गुंतवणूक होती ५८ कोटी युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे ३,८०० कोटी रुपये. सुरुवातीची वार्षिक क्षमता १ लाख १० हजार गाड्यांची होती. तेथून आधी स्कोडा ‘फाबिया’ आणि डिसेंबर २००९ पासून ‘पोलो’ बाहेर पडू लागली.

उपनगरांशी कंपनीचे नाते केवळ ग्राहकांपुरते नव्हते. समूहाच्या भारतातील विक्री कंपनीचे कार्यालय अंधेरी पूर्वेला चकाला भागात होते. गाड्या चाकणला बनत आणि त्यांची विक्री, जाहिरात यांचे निर्णय अंधेरीत होत. त्या काळातील एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. २१ सप्टेंबर २०१० रोजी एका इंग्रजी दैनिकाच्या शेवटच्या पानावर छोटी काळी डबी चिकटवलेली होती. पान उघडून उजेड पडला की ती ‘व्हेंटो’ या नव्या गाडीविषयी बोलू लागे. वर्तमानपत्र बोलते म्हणून त्या दिवशी लोकलच्या डब्यातही तीच चर्चा होती.

उपनगरांत ‘पोलो’ का रुजली?

लांबी चार मीटरच्या आत असल्याने पोलोवर कर कमी लागत होता आणि सोसायटीच्या आखीव जागेत ती सहज मावत होती. दार बंद करताना येणारा भरीव आवाज, जाड पत्रा आणि वेगातही न डगमगणारी चाल यांमुळे ‘जर्मन बांधणी’ हे शब्द ग्राहकांच्या तोंडी बसले. मुलुंडहून ऐरोलीमार्गे पुणे द्रुतगती महामार्ग किंवा बोरिवलीहून दहिसर ओलांडून अहमदाबाद महामार्ग गाठणाऱ्या कुटुंबासाठी आठवड्याचे पाच दिवस कोंडीत आणि शनिवार-रविवारी मोकळ्या रस्त्यावर असे गाडीचे दुहेरी आयुष्य असते. त्यातील दुसरा भाग ही गाडी उत्तम निभावत असे. २०१३ मध्ये टर्बो पेट्रोल इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली ‘जीटी टीएसआय’ आली तेव्हा दहा लाखांच्या आसपास इतकी चपळ गाडी दुसरी नव्हती.

‘मजबूत’ या प्रतिमेला एकदा धक्काही बसला. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतीय गाड्यांच्या अपघात चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या मूळ पोलोला त्यात शून्य तारे मिळाले. गाडीचा सांगाडा स्थिर राहिला होता, पण एअरबॅगअभावी चालकाच्या डोक्याला गंभीर इजेचा धोका होता. कंपनीने लगेच सर्व प्रकारांत दोन एअरबॅग सक्तीच्या केल्या आणि त्या गाडीला चार तारे मिळाले. एकच गाडी, एकच पत्रा आणि फरक फक्त दोन एअरबॅगचा. त्यामुळे २०१४ पूर्वीची स्वस्त प्रकारातील पोलो सेकंड-हँड घेताना ही बाब पाहणे आजही गरजेचे आहे.

पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. बारा वर्षांत तीन लाखांहून अधिक पोलो विकल्याचे कंपनीने सांगितले. देशाच्या बाजारपेठेच्या मानाने हा आकडा लहान आहे. मारुतीची ‘स्विफ्ट’ एवढ्या गाड्या दोन वर्षांच्या आत विकत होती.

मालकांच्या तक्रारी नेमक्या कशाच्या?

सर्वाधिक चर्चा झाली ती सात गिअरच्या ‘डीएसजी’ या स्वयंचलित गिअरबॉक्सची. त्यात दोन क्लच असतात. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणार्धात होतो. पोलो, व्हेंटो यांसारख्या गाड्यांत बसवलेल्या प्रकारात हे क्लच कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवणारे तेल नसते. मोकळ्या रस्त्यावर त्याने बिघडत नाही. पण अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गाडी तासभर पावलापावलाने सरकते, तेव्हा क्लच अर्धवट जुळलेला राहून घासत असतो. घर्षणाने उष्णता वाढते, क्लच झिजतो आणि गाडी धक्के देऊ लागते. गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा ‘मेकॅट्रॉनिक’ हा इलेक्ट्रॉनिक व तेलदाबाचा संयुक्त भाग बिघडला तर खर्च थेट लाखाच्या घरात जातो.

ही तक्रार फक्त मुंबईची नव्हती. चीनमध्ये सरकारी दूरचित्रवाणीने हा प्रश्न उचलून धरल्यावर मार्च २०१३ मध्ये कंपनीला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने जगभर २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांपैकी सुमारे १६ लाख गाड्या या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी होत्या. उष्ण, दमट हवा आणि वारंवार थांबत-निघत चालणारी वाहतूक यांत कृत्रिम तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकतो, असे कारण कंपनीने दिले. हे वर्णन मे महिन्यातील मुंबईलाही लागू पडते.

दुसरी तक्रार देखभालीची. डिझेल इंजिनांतील ‘टायमिंग बेल्ट’ ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच निकामी होते. सेकंड-हँड गाडीत तो बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. तिसरी बाब पावसाळ्याची. अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात घातलेली गाडी बंद पडली आणि मालकाने पुन्हा चावी फिरवली, तर इंजिनात पाणी ओढले जाऊन आतील दांडे वाकतात. हे कोणत्याही गाडीत होते. पण महाग सुट्या भागांच्या गाडीत त्याचे बिल अधिक बोचते. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचा वेगळा पर्याय घ्यावा लागतो.

सुटे भाग महाग का पडतात?

याची कारणे तीन. पहिले, संख्येचे. एखादा भाग वर्षाला काही लाख गाड्यांसाठी बनत असेल तर त्याचा उत्पादनखर्च उतरतो आणि बाहेरचे उत्पादकही तो बनवू लागतात. त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात मारुतीचा भाग चार-पाच प्रकारांत आणि किमतींत मिळतो. समूहाचा भारतातील एकूण वाटा मात्र सुमारे दोन टक्क्यांभोवती घुटमळत राहिला. दुसरे, आयातीचे. सुरुवातीच्या पोलो-व्हेंटोतील इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक भाग मोठ्या प्रमाणात बाहेरून येत. त्यांच्या किमतीत युरोचा दर, आयात शुल्क आणि वाहतूक हे सारे मिसळलेले असते. पाठ नसलेला भाग मागवला की गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये आठवडाभर अडकते, ती याचमुळे.

तिसरे कारण बाजारावरील नियंत्रणाचे. गाडी कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि दोष शोधणारी संगणकीय उपकरणे खुल्या बाजाराला उपलब्ध करून देत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे झाली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात टाटा, मारुती, महिंद्र, होंडा यांच्याबरोबर फोक्सवॅगन आणि स्कोडाही होत्या. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. पण आयोगाने मांडलेला मुद्दा प्रत्येक मालकाच्या अनुभवाचा होता. गाडी विकत घेतल्यावर ग्राहक बांधला जातो. त्या गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला चालत नाही आणि तो भाग एकाच दारातून मिळत असेल, तर किंमत ठरवणाराही एकच उरतो.

उपनगरांतील अनेक मालकांनी यावर आपापला मार्ग काढला. वॉरंटी असेपर्यंत कंपनीचे सर्व्हिस सेंटर आणि नंतर याच ब्रँडचे काम करणारे स्वतंत्र गॅरेज, ही रीत अंधेरीपासून मुलुंडपर्यंत रूढ झाली. दोष वाचण्याचे उपकरण स्वतः विकत घेणारे हौशी मालकही कमी नाहीत.

डिझेल घोटाळ्यात भारतीय मालकांना काय मिळाले?

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. प्रयोगशाळेतील चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवले असल्याचा हा आरोप कंपनीने मान्य केला. जगभरातील १ कोटी १० लाख गाड्या त्याच्या कक्षेत आल्या. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने तपासणी केली आणि प्रयोगशाळा व रस्ता यांतील उत्सर्जनात तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या.

अमेरिकेतील मालकांना २०१६च्या समझोत्यानुसार गाडी कंपनीला परत विकण्याचा पर्याय आणि वर हजारो डॉलरची भरपाई मिळाली. भारतातील मालकांपुढे मात्र दुरुस्तीचा, मुख्यतः सॉफ्टवेअर बदलण्याचा, प्रस्ताव आला. राष्ट्रीय हरित लवादाने ७ मार्च २०१९ रोजी कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड केला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. हा दंड केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायचा होता. तो पर्यावरणाच्या हानीचा होता, मालकांच्या नुकसानीचा नव्हता.

हा फरक कायद्यातून आला. तेव्हा भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादाच ठरलेली नव्हती आणि कंपनीचा बचाव त्याच मुद्द्यावर उभा होता. सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूदही नव्हती. ती मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. रस्त्यावरील उत्सर्जन मोजण्याची अट एप्रिल २०२३ पासून आली. दरम्यान, समूहाने एप्रिल २०२० पासून आपल्या लहान गाड्यांतून डिझेल इंजिन काढूनच टाकले.

सीमाशुल्काचा वाद नेमका काय?

सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया’ला कारणे दाखवा नोटीस बजावली. मागणी होती १४० कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे १२ हजार कोटी रुपयांची. विभागाचा आक्षेप असा की, स्कोडा सुपर्ब व कोडियाक, ऑडी ए-फोर व क्यू-फाइव्ह, फोक्सवॅगन टिग्वान अशा महागड्या गाड्या जवळपास पूर्ण स्वरूपात, पण सुट्या करून आणल्या गेल्या. जुळणीसाठी आणलेल्या अशा संपूर्ण संचावर ३० ते ३५ टक्के शुल्क लागते. कंपनीने मात्र हे भाग वेगवेगळ्या खेपांतून आणून ‘स्वतंत्र सुटे भाग’ म्हणून दाखवले आणि ५ ते १५ टक्केच शुल्क भरले. गाडीची मागणी नोंदवली की कंपनीची अंतर्गत संगणक प्रणाली ती शेकडो भागांत विभागते आणि ते भाग थोड्या दिवसांच्या अंतराने येतात, असे विभागाचे म्हणणे आहे.

कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारीत त्यावर सुनावणी झाली. आपण गाडीचा एकसंध संच आणत नाही, आयात केलेले भाग स्थानिक भागांसह जोडतो, असा तिचा युक्तिवाद आहे. या पद्धतीची सरकारला २०११ पासून माहिती होती, मग इतक्या वर्षांनी मागे जाऊन कर कसा मागता, असा तिचा दुसरा मुद्दा. हा विषय भारतातील व्यवसायाच्या ‘जीवन-मरणाचा’ असल्याचे कंपनीने न्यायालयाला सांगितले. दंड व व्याज धरून बोजा दुप्पट, म्हणजे २८० कोटी डॉलर होऊ शकतो.

आधी घेतलेल्या गाडीवर मालकाला यामुळे वाढीव कर भरावा लागणार नाही. करदायित्व आयात करणाऱ्याचे असते. शिवाय चाकणला मोठ्या प्रमाणात देशी भागांनी बनणाऱ्या ‘टायगुन’, ‘व्हर्टस’ यांची स्थिती वेगळी आहे. तरीही कंपनीच्या गुंतवणुकीवर आणि नव्या गाड्यांवर या वादाची सावली पडते. याच राज्यात जनरल मोटर्सने २०१७ मध्ये विक्री थांबवल्यावर ‘शेवरोले’च्या आणि पुढे रांजणगावात बनणाऱ्या फियाट गाड्यांच्या सेकंड-हँड किमती कशा घसरल्या, हे मालकांनी पाहिले आहे. त्यामुळे न्यायालयातील बातमीचा परिणाम मालाड-मुलुंडच्या जुन्या गाड्यांच्या दुकानातील भावावर होऊ शकतो.

कंपनीने काय बदलले?

जुलै २०१८ मध्ये समूहाने भारतासाठी १०० कोटी युरोंची, तेव्हाच्या सुमारे ८ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि तिची सूत्रे स्कोडाकडे दिली. २०१९ मध्ये तीन कंपन्यांचे विलीनीकरण झाले. ९५ टक्क्यांपर्यंत देशी भाग वापरण्याचे उद्दिष्ट ठेवून २०२१ मध्ये टायगुन आणि २०२२ मध्ये व्हर्टस आली. त्यांच्या एक लिटर इंजिनासोबत कोरड्या दुहेरी क्लचऐवजी सहा गिअरचा ‘टॉर्क कन्व्हर्टर’ हा पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्स दिला गेला. कोंडीतल्या शहरांसाठी तो अधिक सोसणारा मानला जातो. डीएसजी फक्त मोठ्या दीड लिटर इंजिनापुरता उरला. दोन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. वॉरंटी चार वर्षांची झाली. मालकांच्या तक्रारींची दखल घेतल्याचे हे पुरावे आहेत.

बाजारहिश्शाचे गणित मात्र जुळले नाही. २०२५ पर्यंत पाच टक्के हे लक्ष्य होते. वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. चाकणमधून मेक्सिकोसह परदेशी जाणाऱ्या गाड्या काही वर्षांत देशात विकलेल्या गाड्यांहून अधिक होत्या. पोलोची जागा घेणारी चार मीटरच्या आतील फोक्सवॅगन आलीच नाही. त्या आकारात समूहाने २०२५च्या सुरुवातीला स्कोडाची ‘कायलॅक’ उतरवली. दुसरीकडे, पूर्णपणे आयात केलेल्या ५३ लाखांच्या ‘गोल्फ जीटीआय’ची पहिली १५० गाड्यांची खेप हातोहात संपली. चाहते आहेत, पण ‘लोकांची गाडी’ हे नाव सार्थ करणारी संख्या भारतात उभी राहिलेली नाही.

जुन्या गाडीच्या मालकांनी काय पाहावे?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. केंद्राने एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ५ हजार रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वैध विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी लागते. मुदत संपण्याआधीच अर्ज केल्यास विलंब शुल्क टळते. निर्णय घेण्यापूर्वी टायमिंग बेल्ट, क्लच आणि गिअरबॉक्स यांचा अंदाजे खर्च लेखी मागवावा. तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नूतनीकरणाचा पुनर्विचार करणे शहाणपणाचे.

डिझेल गाडीबाबत आणखी एक विचार करावा लागेल. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार करण्यास सरकारला सांगितले. त्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमण्यात आली. दहा वर्षांची डिझेल गाडी बाद, असा नियम मुंबईत नाही. पण पाच वर्षांचे नूतनीकरण करताना धोरणाची दिशा लक्षात ठेवायला हवी. पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी २० टक्के इथेनॉल मिश्रित इंधनाचा विचार करावा. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नसल्याने इंधनवाहक रबरी नळ्या व जोड वेळोवेळी तपासून घ्यावेत.

डीएसजी असलेल्यांनी कोंडीत इंच-इंच सरकणे टाळावे. पुढे थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेक दाबून ठेवावा. यासाठी पैसे लागत नाहीत, क्लचचे आयुष्य मात्र वाढते.

तक्रार असेल तर दाद कुठे?

प्रत्येक बिघाडाचे जॉबकार्ड, बिल आणि बदललेल्या भागाची नोंद जपून ठेवावी. तोंडी आश्वासनाऐवजी ईमेलवर उत्तर घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न मिटल्यास उपनगरांतील ग्राहकांसाठी वांद्रे येथे मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि ती ऑनलाइनही दाखल होते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाचे दायित्वही आले आहे. अनेक मालक गॅरेज बदलत राहतात आणि ही मुदत हातची जाते.

पुढे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली. वाहनांच्या सुट्या भागांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरहून लांब टायगुन, व्हर्टससारख्या गाड्यांवरील एकूण कर ४५ वरून ४० टक्के झाला. त्यामुळे बिल थोडे हलके होईल. पण सुटा भाग किती प्रमाणात देशात बनतो आणि किती दारांतून मिळतो, यावरच गाडी बाळगण्याचा खरा खर्च ठरतो. सीमाशुल्काच्या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, महाग भाग बाहेरून आणण्यापेक्षा इथे बनवणे कंपनीच्या हिताचे ठरेल, असा दबाव त्यातून निर्माण झाला आहे. सर्वाधिक देशी भाग असलेल्या गाड्यांच्या मालकांना त्याचा फायदा मिळेल. आयातीवर अवलंबून असलेली जुनी महागडी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने मात्र तिच्या किमतीइतकीच चौकशी तिच्या सुट्या भागांची करायला हवी.